बोटभर आखूड

मित्रांनो, मी एक जुना बाण आहे, पण बांबूचा नाही. कार्बनचे कापड पोलादी कांबीभोवती गुंडाळून भट्टीत भाजले, कांब ओढून काढली आणि आतून पोकळ, काळा असा मी तयार झालो. आम्ही पाच भाऊ एकाच भट्टीतले, आणि पाचही ओकबुनच्या कमरपट्ट्यात येऊन राहिलो.

ओकबुन नामवॉन गावात शाळेची बस चालवायची. सकाळची फेरी संपली की ती टेकडीखालच्या धनुष्यशाळेत यायची. तिथे एक रीत आहे. एका डावात पाच बाण मारायचे. पाचही लक्ष्याला लागले, तरच तुम्हाला ‘जोप्जांग’ म्हणतात. तोवर तुम्ही ‘नवे’. ओकबुनचे केस पिकू लागले तरी ती नवीच होती. तिला जोप्जांग व्हायचे होते, आणि तेही वडिलांनी मागे ठेवलेल्या शिंगाच्या धनुष्यानेच.

अडचण आमच्यात होती. म्हशीच्या शिंगाचे ते धनुष्य मऊ, आणि आम्ही ताठ. बाण सुटतो तेव्हा धनुष्याला वळसा घालण्यासाठी त्याला पोहणाऱ्या माशासारखे किंचित वाकावे लागते. आम्ही वाकत नव्हतो, म्हणून लक्ष्याच्या उजवीकडे जाऊन पडायचो. त्यात पावसाळा तोंडावर आला होता. दमट हवेत शिंगाचे धनुष्य सैल पडते. मग ते उतरवून उबदार पेटीत ठेवतात, ते थेट शरद ऋतूपर्यंत.

“बोटभर काप की,” तिथेच बाण मारायला येणारा टोफूवाला चिलसोंग म्हणाला. “हलके झाले की सरळ जातील.”

“आणि चुकलं तर, दादा?”

“तर टोफू कापायला मला दे. आधी एकावर करून बघ ना, नवीबाई.”

तो एक म्हणजे मी. करवत फिरली, पोलादी टोक पुन्हा चिकटले. आखूड बाण आणखीच ताठ होतो, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. इथे सगळे बाणाचे वजन आणि लांबी विचारतात, ताठपणा कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आले. धनुष्य पेटीत जाण्याआधीचा हा शेवटचा डाव होता. रेषेवर उभी राहून ओकबुन रीतीप्रमाणे म्हणाली, “मी धनुष्य शिकते आहे.”

“भरपूर लागू देत,” सगळे म्हणाले आणि गप्प झाले. कोणी धनुष्य उचलले की बोलायचे नाही, हा तिथला सगळ्यांत कडक नियम. चिलसोंगने त्यापायी धनुष्यशाळेचे मास्तर पे यांची बोलणी कितीदा तरी खाल्ली होती.

ओकबुनने अंदाजाने थोडे डावीकडे धरले. पहिला बाण लागला. दुसरा, तिसरा. चौथाही लागला. कमरपट्ट्यात मी एकटा उरलो. डाव सुरू झाल्यावर बाण बदलता येत नाही.

तिने मला दोरीला लावले आणि ताणले. तिचा हात रोजच्याइतकाच मागे गेला. मी मात्र रोजच्याइतका नव्हतो. माझे टोक तिच्या डाव्या अंगठ्यावरून निसटून धनुष्याच्या आतल्या बाजूला आले. तिची नजर लक्ष्यावर खिळलेली. आता दोरी सुटली असती तर मी धनुष्याच्या पोटावर आपटून फुटलो असतो आणि माझी काळी कुसळे तिच्या हातात घुसली असती. मी स्वतःला मागे ओढू शकत नव्हतो.

“ओकबुन.” चिलसोंगचा आवाज अगदी हलका होता, झोपलेल्या पोराला उठवावे तसा. “सोडू नकोस. दोरी घट्ट धर. आता हात पुढे आण. हळू. अजून हळू.”

दोरी तसूतसूने पुढे सरकली आणि माझे टोक पुन्हा अंगठ्यावर आले.

“कोण बोललं?” मास्तर पे जवळ आले.

“मीच. बाण कापायला सांगणाराही मीच. काय ते एकदाच बोलून घ्या, मास्तर.”

मास्तरांनी मला हातात घेतले, आपल्या एका बाणाशेजारी धरले आणि चिलसोंगला बोलणी न देताच ओकबुनकडे वळले.

“चार लागले होते, मास्तर,” ओकबुन पुटपुटली.

“पाहिले. बाण नवा मिळतो. बस कोणत्या हाताने वळवणार होतीस?”

संध्याकाळी पाऊस आला आणि धनुष्य पेटीत गेले.

पावसाळाभर मास्तर आणि ओकबुन दमट हवेतही चालणाऱ्या, तितक्याच मऊ अशा दुसऱ्या धनुष्याने मारून पाहत माझ्या चार भावांची टोके बदलत राहिले. टोक जड झाले की बाण जास्त वाकतो. फारच जड झाले की अलीकडेच पडतो. या दोहोंच्या मधली जागा त्यांनी चुकतमाकत शोधली. माझ्या जागी नवा भाऊ आला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

शरदात धनुष्य पेटीतून निघाले. एका सकाळी चार बाण लागले. पाचवा ताणला गेला तेव्हा मी भिंतीशी ताठ झालो, तसा मी आधीच पुरेसा ताठ होतो. दूरवरून फळीचा ठक्क आवाज आला.

कोणीच काही बोलले नाही, कारण शेजारी चिलसोंग धनुष्य ताणून उभा होता. त्याने बाण न मारताच धनुष्य खाली घेतले.

“जोप्जांग,” तो तिला म्हणाला, “आता बोललं तर चालेल ना?”

मित्रांनो, कापलेले बोटभर अंग मला परत मिळाले नाही. तुम्हीही एखाद्या वस्तूला करवत लावण्याआधी ती कशी चालते ते नीट समजून घ्या. आणि कोणाचा हात धोक्यात दिसला, तर तिथला नियम गप्प बसण्याचा असला तरी बोला. फक्त हळू बोला.