नकाशापुरता ठोकलेला खिळा

खोटं आहे ते, हेडमास्तर, साफ खोटं! पोरीनं तसबीर पाडली म्हणे. अध्यक्ष काहीही बडबडतील, तुम्ही मान कशाला डोलावलीत?

मी खिळा बोलतोय. चौथीच्या भिंतीतला. आता तुमच्या टेबलाच्या खणात वाकडा होऊन पडलोय. तुम्हीच टाकलंत.

मला ठोकलं सुतारानं, याच पोरीच्या बापानं. भिंत टकटक वाजवून बघितली आणि म्हणाला, "गुरुजी, भिंत भुसभुशीत आहे, मोठा खिळा धरायची नाही. हा बारीक बसवतो, नकाशापुरताच हं! जड काही अडकवाल आणि मग माझ्या नावानं ओरडाल."

"नकाशाच लावायचाय रे बाबा," तुम्ही म्हणालात.

सात वर्षं नकाशा धरला मी. पोरं बोटानं नद्या शोधायची. आपलं गाव शोधायची, ते काही सापडायचं नाही. मजेत होतो.

मग शाळा समितीचे अध्यक्ष आले, त्यांच्या धर्मगुरूंची तसबीर घेऊन. लाकडी चौकट, जाड काच. नकाशा गेला कपाटामागं.

तुम्ही पुटपुटलात, "साहेब, सरकारी शाळा आहे..."

"मग? नकाशा काय रोज बघायचा? देश पळून चाललाय होय?"

तुम्ही हसलात. तिथंच माझं डोकं फिरलं.

रोज पहिल्या तासाला तसबिरीपुढं प्रार्थना. ज्यांच्या घरचा धर्म वेगळा, ती चार पोरं व्हरांड्यात उभी. सुताराची पोर त्यातलीच.

"गुरुजी, आमचं गणित बुडतंय."

"जरा दम धर, बाळ."

किती दम धरायचा? वजनानं माझी मान रोज थोडी थोडी वाकत होती. मीपण दमच धरला होता!

मंगळवारी प्रार्थना चालू असतानाच माझा दम संपला. धाडकन! पोर तेव्हा बाहेर उभी होती. तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. काचा उचलायला तीच पहिली धावली, बोट कापून घेतलं. तेवढ्यात अध्यक्ष आले. तिच्या हातात चौकट बघितली आणि सुटलेच, "हिनंच पाडली! नाव काढा हिचं शाळेतून!"

तुम्ही मला जमिनीवरून उचललंत, गुपचूप खिशात घातलंत. बोटं घामेजली होती तुमची.

माझ्याखाली काय आहे, सांगू? सरकारचा कागद. शाळेत कुठल्याच धर्माची पूजा-प्रार्थना नको, असा. तुम्हीच मोठ्यानं वाचलात आणि घडी घालून ठेवलात. अध्यक्षांनी घरी दिवसभर हात जोडावेत, कोण अडवतंय? पण ती भिंत त्यांच्या घरची नाही. त्या चार पोरांचीपण आहे.

बाहेर बाकावर सुतार खोकतोय, आवाज ओळखतो मी. पोर विचारतेय, "बाबा, उद्या दप्तर भरू का नको?"

चारला समितीची बैठक, पोरीचं नाव काढायचं का ते ठरवायला. पावणेचार झालेत. मला हात असते तर खण फोडून आलो असतो.

खण उघडा. मला आणि तो कागद, दोन्ही अध्यक्षांसमोर ठेवा. पोर बाहेर होती, हे स्वतःच्या तोंडानं सांगा. उठा, हेडमास्तर!