थोरल्या साडूची कळी

दोघे साडू, दोघेही कातारी. थोरल्याचं उभं आयुष्य लेथवर लाकूड कातण्यात गेलं, आणि धाकट्याला पटाशी धरायला शिकवलं तेही त्यानेच. त्यामुळे वाचनालयाच्या नव्या इमारतीसाठी पुरुषभर उंचीचं लाकडी शिल्प करायचं काम आलं, तेव्हा धाकटा आधी त्याच्याकडेच गेला.

"सात नग कातायचे, एकावर एक बसवायचे. खाली खोड, वर उमलती कळी."

"कळी माझी," थोरला म्हणाला. "खोड तू घे साडूभाऊ, तुझ्यासारखंच जाडजूड कात."

दोघे हसले. पण आजारपणानंतर थोरल्याचा उजवा हात थरथरायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याच्यासमोर कुणी तसा शब्द काढत नव्हतं. अक्रोडाची ती कळी कातायला त्याला तीन दिवस लागले. धाकट्याने ती हातात घेऊन फिरवून पाहिली. एक बाजू कागदासारखी पातळ, दुसरी बोटभर जाड. खोडावर ठेवली की मान टाकल्यासारखी एका अंगाला कलायची.

सांगायला हवं होतं, पण जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला डोळे तपासायला गेला, तेवढ्यात धाकट्याने त्याच ओंडक्याचा उरलेला तुकडा लेथवर चढवला आणि हुबेहूब थोरल्याच्या धाटणीची कळी कातली. आधीची भुशाच्या पोत्यात तळाशी खुपसली.

शिल्प चौथऱ्यावर उभं राहिलं त्या दिवशी थोरला शिडीवर चढून कळीच्या काठावरून बोट फिरवत राहिला. "बघितलंस? म्हणे हात गेला!"

"हो ना," धाकटा म्हणाला. ते दोन शब्द पुढे कित्येक दिवस त्याला जेवू देईनात.

कारण थोरल्याने आजारपणात ठरवलेला लेथ विकायचा बेत मोडीत काढला. पहाटेपासून कामाला बसू लागला. महिन्याभरात त्याची बायको धाकट्याकडे आली.

"काल पटाशी उडाली. गालावर चार टाके पडलेत," ती म्हणाली. "त्या कळीने पार चढवून ठेवलंय त्यांना. तुम्ही तरी समजवा, तुमचं ऐकतात."

"येतो ताई," तो म्हणाला.

दुपारी तो गेला. थोरला गालाला पट्टी लावून पटाशीला धार करत बसला होता.

"दादा, ती कळी तुमची नाही. तुमची वाकडी झाली होती, मी दुसरी कातली."

धारेचा आवाज थांबला. "कधी?"

"तुम्ही डोळे दाखवायला गेला होतात तेव्हा."

"म्हणजे तासाभरात."

 धाकट्याला दोन शिव्या ऐकू आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"वाकडी झाली होती, हे मला दाखवलं असतंस तर दिसलं नसतं का रे?" पटाशी खाली ठेवत थोरला म्हणाला. "मीच म्हटलं असतं, तू कात. शेजारी उभा राहिलो असतो."

"चुकलं माझं."

"चुकलंच."

त्याच आठवड्यात लेथ विकला गेला, तोही धाकट्याला न विचारता. ताई निर्धास्त झाली. भेटेल तिथे ती धाकट्याचे आभार मानायची, आणि दर वेळी तो मेल्याहून मेल्यासारखा व्हायचा. दोन्ही घरांचं येणंजाणं तुटलं नाही. थोरला "ये" म्हणायचा, चहा व्हायचा. फक्त "साडूभाऊ" अशी हाक काही त्याने पुन्हा मारली नाही.

एकदा धीर करून धाकट्याने अर्धवट कातलेला वाडगा त्याच्यापुढे ठेवला. थोरल्याने तो उपडा केला, अंगठ्याने दाबून पाहिला.

"तळ जाड राहिलाय," म्हणाला आणि परत दिला.

धाकटा घरी आला, वाडगा पुन्हा आपल्या लेथवर चढवला. तळ खरंच जाड राहिला होता.