रविवारपुरती तब्येत

माझा भाऊ प्रभंजन लष्करात डॉक्टर आहे. कर्नल आहे, पण मला त्या कर्नलपणाचं काय कौतुक? पाढा चुकला की त्याचा कान मीच पिळायची. मी उत्तरा, त्याची अक्का. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि तोंडानं फटकळ. आमच्या केलगेरी गावात कुणालाही विचारा. अशा बाईनं सात महिने दर रविवारी गोड गोड खोटं बोलायचं, म्हणजे थट्टा वाटली काय!

प्रभंजनची बायको-मुलगी पुण्यात, तो सरहद्दीजवळच्या लष्करी दवाखान्यात, आणि आमची आई कृष्णाबाई इथं माझ्याकडं. एवढ्या लांबून सगळ्यांवर जीव. आईच्या न्हाणीघरात धरायला दांड्या त्यानं बसवून घेतल्या, गोळ्यांचे डबे वारांप्रमाणं लावून दिले. रविवारी सकाळी दहाला त्याचा व्हिडिओ कॉल न चुकता यायचा.

फेब्रुवारीत आईला दम लागायला लागला. पाय सुजले. आडवं झालं की घुसमटायची, म्हणून उशांना टेकून बसायची. आमचे डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, हुबळीला मोठ्या दवाखान्यात दाखवा. घरी येऊन मी फोन उचलला, तर आईनं माझं मनगट धरलं.

"त्याला सांगशील तर माझ्या गळ्याची शपथ आहे."

"अय्यो, मग डॉक्टर लेक काय शोभेला ठेवलाय होय?" मी ओरडले.

पण कारण मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी आईचा हात मोडला तेव्हा प्रभंजन धावत आला होता. त्याच आठवड्यात तिकडं एक जखमी जवान आणला गेला. बदलीचा सर्जन अजून वाटेत होता. बावीस वर्षांचं पोरगं, गेलं. प्रभंजननं हे एकदाच, चहा पिताना, आईला सांगितलं आणि कप तसाच ठेवून उठून गेला. तेव्हापासून आईनं मनाशी ठरवलेलं, आपल्यापायी पुन्हा कुणा आईचं लेकरू जायला नको. हुबळीलाही ती येईना. तिथले डॉक्टर प्रभंजनला फोन करतील म्हणे. दिवाळीला तो येईल, तेव्हा तोच बघेल.

मी तिचं ऐकलं. जन्मभर कुणाचं न ऐकलेली मी, नेमकं तेव्हाच ऐकलं.

मग आमचे रविवार सुरू झाले. नऊपासून आईनं बोलायचं नाही, हलायचं नाही, श्वास साठवायचा. पायांवर शाल. मी वेणी घालायची, गालांना थोडी पावडर. उत्तरं आधी ठरलेली आणि आखूड. "जेवले की." "झोप छान." "तू कसा आहेस?" तो बोलत राहिला की आईला दम घ्यायला मिळायचा, म्हणून मी मधेमधे त्यालाच प्रश्न विचारायची. दहा मिनिटं झाली की, "चल रे, कुकर लावायचाय." फोन बंद झाला की ती माझ्या अंगावर कलंडायची, आणि हसायची. परीक्षेत पास झाल्यासारखी हसायची हो!

जुलैत एकदा त्याचा मला वेगळा फोन आला. "अक्का, आई तुटक बोलते. खरं सांग, दम लागतो का तिला?"

आई समोरच होती. तिनं हात जोडले.

"छे! काल गच्चीवर जाऊन आली," मी म्हणाले.

सप्टेंबरात, एका गुरुवारी सकाळी, आई बसल्या जागी गेली.

प्रभंजन दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. रडला नाही. आईच्या पायांशी बसला आणि सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरलाच नाही. किती तरी वेळ तो त्या खड्ड्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता विचारेल. नाही विचारलं. पुढचे दिवस जेवायला नीट बसला नाही, फक्त टेबलाशी बसून काहीतरी लिहायचा. डोकावून पाहिलं तर राजीनामा.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवला. बायका जात नाहीत म्हणे, मी गेले. कावळे झाडावर ढिगानं, पण एक खाली उतरेना. आमचे भीमरावकाका म्हणाले, "तिचं मन अडकलंय. बोल रे काहीतरी."

प्रभंजननं ओल्या पंच्यानिशी हात जोडले. "आई, मी नोकरी सोडतो. जगाच्या छात्या तपासल्या आणि तुझी तेवढी राहिली. मी कसला डॉक्टर!"

आता गप्प बसले तर हा जन्मभर असाच जळणार, आणि बोलले तर माझा भाऊ जाणार. मला दुसरं कोण आहे? बोलले. सगळ्यांसमोर. शाल, पावडर, आखूड उत्तरं, सगळं. "तुझी चूक नाही रे. आम्ही दोघींनी तुला फसवलं. तू तिथली पोरं सोडून येऊ नयेस, एवढंच तिला हवं होतं. आता नोकरी सोडलीस तर तिचे ते सगळे रविवार फुकट जातील."

त्यानं जोडलेले हात खाली घेतले. मग हळूच म्हणाला, "मला ओळखू आलं होतं, अक्का. जुलैत रजेचा अर्ज लिहून ठेवला होता. तू 'छे' म्हणालीस, म्हणून फाडला. आई लपवणार हे मला माहीत होतं. मी तुझ्या शब्दावर विसंबून राहिलो."

ओरडला असता तर बरं झालं असतं. एक थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

कावळा काही शिवला नाही. ऊन चढलं, तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला.

राजीनामा त्यानं पाठवला नाही. पंधराव्या दिवशी निघायचं होतं. आदल्या सकाळी मला रिक्षात घालून विद्यानगरच्या दवाखान्यात तपासणीला नेलं. रक्त, ईसीजी, छातीचा फोटो, सगळं. प्रत्येक दारात हात धरून नेत होता, स्वेटर घाल म्हणत होता. पण झोप लागते का, कुठं दुखतं का, दम लागतो का, एक प्रश्न विचारला नाही.

"अरे, मला काही होत नाही," मी म्हणाले.

"रिपोर्ट येऊ दे," तो म्हणाला, आणि माझ्याकडं न बघता पाण्याची बाटली उघडून हातात दिली.