चोवीस खाचांची काठी

"पोरीच्या हातावर वळ उठलेत, केमी. कशापायी? तीनातले दोन मोठे की आठातले पाच, एवढं सांगता आलं नाही म्हणून?"

पाचवीच्या वर्गाच्या दारात केमिलेम्बे बाईंची आई उभी होती. एका हातात धुण्याच्या साबणाची हातभर लांब वडी, दुसऱ्या हातात दुकानातली काठी. तिच्या पाठीशी तोंड लपवून काल छडी खाल्लेली अतुगोंझा. चाळीस पोरं टकामका बघत होती. केमिलेम्बेची कानशिलं तापली.

"आई, हा वर्ग आहे. घरी बोलू."

"घरी कशाला? मारलंस तर वर्गातच ना?"

टेबलावरची पुस्तकं सारून आईने वडी ठेवली, तिच्याशेजारी तेवढ्याच लांबीची काठी. काठीवर चोवीस खाचा. गिऱ्हाइकांत कुणाला वडीचे तीन भाग करून हवेत, कुणाला चार, कुणाला सहा, कुणाला आठ. चोवीस खाचांत सगळ्यांची सोय व्हायची. आईला, कोकुशुबिलाला, अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिच्या सुरीखालून कमी तुकडा गेला असं बुकोबाच्या बाजारात कुणी म्हटलं नव्हतं.

"ये गं. वडीचे तीन सारखे भाग केले, तर एका भागाला खाचा किती?"

अतुगोंझाने बोट फिरवत मोजलं. "आठ."

"असे दोन भाग?"

"सोळा."

"आता आठ भाग कर. एकाला किती?"

"तीन. पाच भागांना पंधरा..." पोरगी थबकली. "अय्या! तीनातले दोनच मोठे! एका खाचेनं!"

मागच्या बाकावरून ब्याबातो ओरडला, "बाई, आजींनाच ठेवा ना आमच्या वर्गावर!"

वर्ग खदखदून हसला. छेद सारखे करा, लसावि काढा, मग अंश बघा, असं केमिलेम्बेने आठ दिवस घसा फोडून सांगूनही यातल्या एकाच्याही डोक्यात शिरलं नव्हतं.

"झालं तुझं?" केमिलेम्बे म्हणाली. "ही शाळा आहे, तुझी टपरी नाही. नीघ इथून."

हसू थांबलं. आईने साबण उचलला. काठी तशीच ठेवली.

"राहू दे. मारायला छडी लागते ना तुला? हिनं मार." दारातून ती वळली. "आणि जेवायला ये. केळी शिजवतेय."

केमिलेम्बे गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीला कोकुशुबिला दुकानाच्या फळीमागे पडलेली सापडली. चुलीवरच्या पातेल्यात दोघींपुरती केळी तशीच होती.

घरामागच्या केळीच्या बागेत तिला पुरलं. चार दिवस दुखवट्याला आलेल्या बायका गवत अंथरलेल्या जमिनीवर बसून होत्या. "शेवटचं काय बोलली गं तुझ्याशी?" प्रत्येकीने विचारलं.

"जेवायला ये म्हणाली."

"माउली ती!" बायका डोळे पुसत. केमिलेम्बेला त्यांचा राग येई. त्याहून जास्त आईचा. भांडण अर्ध्यावर टाकून कुणी मरतं का?

पाचव्या दिवशी ती शाळेत आली. काठी टेबलावर होती तिथेच होती. कुणी हात लावला नव्हता. प्रार्थनेची घंटा झाली तशी ती काठी हातात घेऊनच अंगणात आली.

हेडमास्तर रुगैमुकामुंनी श्रद्धांजलीसाठी पोरांना उभं केलं. "बाईंच्या आई अडाणी होत्या. साबण विकायच्या. पण लेकीचं भाग्य थोर! मिशनच्या पाद्रींनी तिला गणित शिकवलं, म्हणून आज..."

ही गोष्ट केमिलेम्बेनेच त्यांना सांगितली होती. नोकरीच्या मुलाखतीत, आणि नंतर ज्याने ज्याने विचारलं त्याला. ती सात वर्षांची असताना आईने तिला दुकानाच्या फळीखाली बसवून, बोट धरून एकेक खाच मोजायला लावली होती, हे अकरा वर्षांच्या नोकरीत तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

"सर, थांबा."

आवाज इतका कडक निघाला की पुढच्या रांगेतली पोरं दचकली. अतुगोंझाने हात पाठीमागे लपवले. ते बघून केमिलेम्बेने काठी खाली केली, आडवी, दोन्ही हातांवर धरली. तिचा अंगठा आपोआप आठव्या खाचेवर गेला. ती खाच सगळ्यात जास्त झिजलेली होती.

"पाद्रींनी नाही शिकवलं मला. मी खोटं सांगत आले. अपूर्णांक मला माझ्या आईनं शिकवले, या काठीवर. आणि तिला मी वर्गातून हाकललं."