लेबलमावशीचा निळा शर्ट

कपड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं तिनं एकच काम केलं. शर्टाच्या आतल्या शिवणीत धुण्याच्या सूचनेचं लेबल शिवायचं. तिथं सगळे तिला लेबलमावशी म्हणत. घरी मात्र आता तिच्या हाती साबणाची वडीसुद्धा कुणी लागू देत नव्हतं.

निमित्त झालं मुलाच्या लोकरी स्वेटरचं. तिनं ते कढत पाण्यात घातलं आणि ते बाहुलीच्या मापाचं होऊन बाहेर आलं. चूक तिचीच होती, तिनं ती कबूलही केली. पण मुलानं आणि सुनेनं त्या एका चुकीवर कायदाच करून टाकला. आईनं कपड्यांना हात लावायचा नाही. तिचा स्वतःचा निळा रेशमी शर्टही सुनेनं आपल्या कपाटात नेऊन ठेवला. कॉलरवर घामाची पिवळी रेघ होती. लॉन्ड्रीत देऊ, देऊ म्हणता आठ महिने गेले.

तो शर्ट तिनं स्वतःच्या कमाईतून घेतला होता. कारखान्यानं बाद केलेला माल, म्हणून परवडला. उद्या संध्याकाळी जुन्या मैत्रिणी भेटणार होत्या आणि तिला तोच घालायचा होता.

म्हणून आज सकाळीच तिनं सुनेच्या डोळ्यांदेखत कपाट उघडलं, शर्ट काढला आणि टब घेऊन न्हाणीघरात गेली.

"आई, त्यावर लिहिलंय ना, फक्त ड्रायक्लीन म्हणून." सून मागोमाग आली.

"लिहिलंय. ते लेबल मीच शिवलंय," मावशी म्हणाली. "सुती असो, रेशमी असो, सगळ्यांना एकाच गठ्ठ्यातलं लेबल. घरी धुताना बिघडला की दोष गिऱ्हाईकाचा, असा मालकाचा हिशोब. मला नको वाचून दाखवूस ते."

 सुनेनं नवऱ्याला हाक मारली.

रंग जातो का बघायला मावशीनं पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर दाबला. रुमाल पांढराच राहिला. मग गार पाण्यात दोन थेंब शाम्पू टाकून तिनं शर्ट बुडवला आणि कॉलर बोटांनी हलकेच चोळली. मुलगा दारात येईपर्यंत पाणी निळं व्हायला लागलं होतं.

तिनं बाही उचलून पाहिली, रंग कफांतून सुटत होता. बाह्यांचे कफ दुसऱ्याच ताग्यातले होते, त्यासाठीच तर हा शर्ट बाद झाला होता. कफांना रुमाल लावून बघायला ती विसरली होती.

"बघ, गेला रंग. काढ आणि पिळून टाक पटकन." मुलानं टबात हात घातला.

तिनं त्याचा हात धरून बाहेर काढला. "रेशीम पिळत नाहीत. आणि माझ्या टबात हात घालायचा नाही."

साठी उलटलेल्या आईची पकड इतकी घट्ट असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो गुमान मागे सरला.

तिनं पाणी बदललं, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं. शर्ट टॉवेलवर पसरून टॉवेलची गुंडाळी केली, हातानं दाबून पाणी टिपलं आणि सावलीत वाळत घातला. थोडा ओलसर असतानाच उलटा करून बेताच्या तापलेल्या इस्त्रीनं सारखा केला. कॉलर स्वच्छ झाली होती. कफ मात्र फिके पडले होते, लांबूनही दिसावेत इतके.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शर्ट घालून ती चपला शोधत होती.

"सांगितलं होतं की नाही?" मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा आनंदही होता. "इतका चांगला शर्ट बिघडवलास."

"बिघडवला," ती म्हणाली. "आठ महिने तुमच्या कपाटात चांगला होता, पण माझा नव्हता. बिघडवायचाही हक्क माझाच आहे, बाळा."

सुनेनं तिच्या चपला पुढे आणून ठेवल्या. मावशीनं फिके कफ नीट बटणं लावून बंद केले आणि ती जिना उतरून गेली.