भैरोबाची न पडलेली पाकळी

घाटात कोळशाची इंजिनं धापा टाकत चढायची, तेव्हाची गोष्ट. मळवलीच्या हुतुतू संघाचे वस्ताद महिपतीआबा. त्यांचा दम असा, की गाडीनं मळवली सोडली की आबा 'हुतुतू' सुरू करत आणि लोणावळा आलं तरी श्वास घेत नसत. खोटं वाटत असेल तर त्या इंजिनाला विचारा. ते बिचारं मध्ये दोनदा पाणी प्यायला थांबलं होतं.

असा वस्ताद असूनही वडगावच्या जत्रेत मळवली सलग तिसऱ्या वर्षी हरली. हौशीराम पाटलानं पारावर तोंड उघडलं, "आबा म्हातारं झालं. दुसरा वस्ताद आना."

"आन् आबांनी काय गुरं राखायची?" कुणीतरी विचारलं.

"राखू द्या की. गुरं तरी हरत न्हाईत!"

सगळे हसले. गेणू तेवढा हसला नाही. संघाचा पट्टीचा चढाईवाला तो, आणि शेवटच्या चढाईत दम तुटला तो त्याचाच. सामन्याच्या दिवशी पेजेवाचून काही खायचं नाही, हा आबांचा दंडक. पण गेणूची सासुरवाडी नेमकी वडगावात. सासू धोंडाबाई म्हणाली, "जावाय उपाशी गेला तर लोक माझ्या तोंडात शेण घालत्याल." गेणूनं तुपात बुडवून पुरणपोळ्या रिचवल्या. मिशीला लागलेलं पुरण एकट्या आबांना दिसलं होतं.

शेवटी भैरोबाला कौल लावायचं ठरलं. देवाच्या ओल्या छातीवर दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर आबा राहणार, डावी पडली तर जाणार. आबा गेले म्हणजे पुरणाची गोष्टही गेली, असं गेणूच्या मनात आलं. गुरव यायच्या आधी त्यानं गुपचूप देवाच्या उजव्या अंगाला काकवी फासली.

कौलाआधी हौशीरामनं सगळ्यांदेखत विचारलं, "आबा, का हरलो आपन?"

गेणूनं मिशीवरून हात फिरवला. आबांनी एकवार त्याच्याकडं पाहिलं.

"माझंच शिकवनं कमी पडलं," आबा म्हणाले.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं गेणूला झालं. पड गं बाई, पड, अशी तो उजव्या पाकळीची मनातल्या मनात विनवणी करू लागला. डावी टपकन पडली. आबांनी हात जोडले, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि चालू लागले.

उजवी मात्र पडेचना. आरत्या झाल्या, वारं सुटलं, पाकळी वाळून चामडं झाली तरी जागची हलेना. एवढा पक्का कौल बापजन्मात पाहिला नव्हता, म्हणून खंडाळ्यापासून माणसं नारळ घेऊन येऊ लागली. नारळ फुटला की गेणूला आपलंच टाळकं फुटल्यासारखं वाटे. शेवटी तो आबांच्या शेतावर गेला.

"आबा, ती पाकळी..."

"काकवी हाये. ठावं हाय मला. मुंग्या काय दर्शनाला येत्यात व्हय?"

"मंग बोलला का न्हाई?"

"म्या का बोलू? तोंड तुला न्हाई?" आबा नांगराकडं वळले.

गेणू तडक देवळात गेला. गर्दीसमोर त्यानं पाकळी उपटली आणि जिभेला लावली.

"काकवी हाये. म्या लावलीया. सामनाबी माझ्याच पोटापायी गेला."

हौशीरामनं देवापुढं ठेवलेला आपला नारळ हळूच उचलून पिशवीत घातला.

आबांना वाजतगाजत परत आणलं. गेणू मैदानात उतरू लागला, तसे आबा म्हणाले, "तू भाईर बस. फुडली जत्रा हुईस्तवर."

त्याच्यावाचून मळवली चौथ्यांदाही हरली. पण वस्ताद बदलायचं नाव कुणी काढलं नाही. रेषेबाहेर मांडी घालून बसलेल्या जावयाला धोंडाबाईनं फडक्यात बांधून पुरणपोळी पाठवली होती. फडक्याची गाठ त्यानं सोडली नाही.