गटारातून आलेला समुद्र

अमावास्येला इंद्रलोक भागातल्या गिरिजा सोसायटीच्या गेटपाशी अख्खी बिल्डिंग पोटऱ्यांपर्यंतच्या काळ्या पाण्यात हात जोडून उभी होती. सागरनाथ महाराज तेवढे पायरीवर, कोरडे. त्यांनी पायरीवर त्रिशुळाने रेघ ओढली, "वापस जा, बेटा," असं समुद्राला बजावलं आणि मंत्र सुरू केला. मंत्र चांगलाच लांबलचक होता. तो संपेपर्यंत पाणी खरंच रेघेखाली वीतभर उतरलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गटारातून उलटं आलेलं ते पाणी कुणी कुणी तीर्थ म्हणून बाटलीत भरून घेतलं.

सुचेताला हात जोडायला सवड नव्हती. तळमजल्यावरच्या घरात ती सासूबाईंच्या पलंगाखाली विटा सरकवत होती. अर्धांगाने पडलेल्या आशाबाईंच्या पलंगाला गेल्या वर्षी एकेक वीट पुरली होती. यंदा वर दुसरी चढवावी लागली.

बाहेर महाराजांचं सुरूच होतं. "क्लायमेट चेंज वगैरे सब विदेशी बातें. हे जलतत्त्वाचं व्हायब्रेशन आहे. आणि मागच्या खाडीतली ती तिवरं? निगेटिव्ह झाडं. मुळं जमिनीबाहेर काढून उभी राहतात, असं कुठलं संस्कारी झाड करतं? तिथे भराव टाका, आश्रम होऊ द्या. समुद्र इंद्रलोककडे वाकडी नजर करणार नाही."

आश्रमाचं सत्तेतल्या पक्षाच्या दादांनी मनावर घेतलं होतं आणि सोसायटीचा सेक्रेटरी जितेंद्र दादांचा खास. भरावाला सोसायटीची हरकत नाही, असा ठराव पौर्णिमेच्या सभेत व्हायचा होता.

सुचेताने शेजारच्या महिपतला गाठलं. "महिपतभाऊ, तिवरं गेली तर पाणी कुणाच्या घरात शिरेल? तुमच्या आणि माझ्या. गेल्या वर्षी तुम्हीच सांगत होतात ना, समुद्र वाढतोय म्हणून?"

"तेव्हा आमचे साहेब विरोधी पक्षात होते, वहिनी."

"आणि आता?"

"आता साहेब दादांबरोबर आहेत. वाढत नाही म्हणतात."

साहेबांनी पक्ष बदलल्यावर अरबी समुद्र मुकाट्याने जागच्या जागी बसला होता. महिपतच्या बाथरूममधलं पाणी तेवढं अजून जुन्याच पक्षात होतं.

घरी आशाबाईंनी विचारलं, "बाहेर कसला गलका गो?"

"महाराज आलेत, आई. समुद्र मागे नेतात."

"सुकतीच्या तोंडावर आला होय? लबाड हाय." आशाबाईंचं सगळं आयुष्य रत्नागिरीत, खाडीकाठी गेलेलं.

सुचेता हसली आणि मग हातातली वीट धरून तशीच बसून राहिली. भरती सरली की सुकती, म्हणजे ओहोटी, लागणार आणि गटाराचं पाणी आपसूक खाडीत जाणार. त्यात न कळण्यासारखं होतं काय? निम्मी बिल्डिंग रत्नागिरी-रायगडची. गावी गेलं की शेंबडं पोरही तिथी बघून भरती सांगतं. पण इथे समुद्र दिसतच नाही, तो गटारातून येतो. गटार म्हणजे महापालिका. आणि महापालिकेचं काम आपोआप झालं की त्याला चमत्कारच म्हणायचं.

बाकीचं तिला नंतर आठवलं. महाराज येणार असले की दर वेळी जितेंद्र पाण्याकडे टक लावून पायरीवर उभा असायचा. पाणी चढायचं थांबलं की शंख फुंकायचा, स्वागताचा म्हणे. तेव्हा कुठे कोपऱ्यावर एसी लावून थांबलेली महाराजांची गाडी आत यायची.

पौर्णिमेला ठराव टाइप होऊन आला. पाणी अजून पायरीच्या बरंच खाली होतं. सुचेताने देवघरातला शंख घेतला आणि दारात येऊन दणक्यात फुंकला.

गाडी आत आली. जितेंद्र धावला. "वहिनी, अजून मुहूर्त नाही."

"मुहूर्त कुणाचा, जितूभाऊ? महाराजांचा की पाण्याचा?"

पण लोकांनी महाराजांना पायरीवर चढवलंसुद्धा होतं. करतात काय, त्यांनी रेघ ओढली, मंत्र म्हटला. पाणी रेघेला शिवलं, रेघेवरून गेलं आणि महाराजांच्या खडावा घेऊन कंपाउंडभर फिरू लागलं.

"इथे कुणीतरी नास्तिक आहे," महाराज म्हणाले.

"मी रोज देवाला दिवा लावते," सुचेता म्हणाली. "पण भरती चढत असताना तुम्हाला ती थोपवता आली नाही. म्हणून तुम्ही ती थांबेपर्यंत गाडीत बसता. मागच्या अमावास्येला पलीकडच्या नया नगरमध्येही पाणी त्याच वेळी उतरलं. तिकडे त्रिशूळ कोण घेऊन गेलं होतं?"

कुणीतरी फस्सकन हसलं. जितेंद्र कुजबुजला, "वहिनी, तुम्ही विरोधकांची भाषा बोलताय."

"माझ्या सासूच्या पलंगाखाली दुसरी वीट लागली, भाऊ. ती कुठल्या पक्षाची? देव माना, पक्ष माना, मी आड येत नाही. पण पाणी चढलं की नाही, हे वर विचारून कशाला ठरवता? खाली बघा. दर वर्षी ते थोडं वर येतंय आणि त्याचा जोर अडवणारी तिवरंच आपण गाडायला निघालोय."

ठरावाला हात वर झाले ते मोजकेच, सगळे वरच्या मजल्यांवरचे. महिपतने हात अर्धा उचलला, आपल्या उंबऱ्यातून आत शिरणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि खाली घेतला. ठराव पडला.

महाराज अनवाणी गेले. पाणी त्याच्या वेळेला गेलं. अमावास्येला ते परत येईल, मत कुणाला दिलंत हे न विचारता. तोवर आपण डोकं वापरावं. त्याला देवाची मनाई नाही आणि पक्षाची परवानगी लागत नाही.